चार्ट बदलायच्या आधी वही उघडा

ठाण्याच्या पाचपाखाडीतल्या आमच्या जिममध्ये महिन्याच्या सुरुवातीला एक वाक्य हमखास कानावर पडतं: "सर, चार्ट बदलून द्या ना." मागणारे नवखे नसतात. दोन-तीन वर्षं नेमाने येणारी, पस्तिशी-चाळिशीतली माणसं असतात. स्क्वॉट (खांद्यावर रॉड घेऊन बसणं-उठणं) त्यांना नीट येतो, डेडलिफ्टला (जमिनीवरचा रॉड उचलताना) पाठ सरळ राहते, पण सहा-आठ महिने रॉडवरचं वजन हललेलं नसतं. सर भले माणूस आहेत, ते नवा चार्ट लिहून देतात. व्यायामांची नावं बदलतात आणि वजन जिथल्या तिथे राहतं. मी स्वतः असे चार चार्ट बदलले आणि त्यात दीड वर्ष गेलं. तसं दीड वर्ष आणखी कुणाचं जाऊ नये, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

पुढचे आकडे माझे आहेत, म्हणून आधी थोडं माझ्याबद्दल. वय ४३, वजन ६१ किलो. नोकरी रबाळे एमआयडीसीत, क्वालिटी कंट्रोलच्या लॅबमध्ये. दिवसाचे सहा-सात तास उभ्याने जातात. सकाळी ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकल पकडायची, संध्याकाळी त्याच लाइनने परत यायचं आणि साडेसातला जिम गाठायची. सुरुवात २०२१ च्या दिवाळीनंतर केली. त्या वर्षी आईचं मनगट मोडलं. पडलीसुद्धा नव्हती ती, बाथरूममध्ये तोल गेला म्हणून भिंतीला हात टेकला, एवढंच. तिच्या हाडांच्या तपासणीचा रिपोर्ट बघून डॉक्टर मला म्हणाले, "तुम्ही आत्तापासून वजन उचलायला लागा." मला दंड दाखवायचे नाहीत. सत्तरीत गॅसचा सिलेंडर सरकवता आला पाहिजे आणि जमिनीवर बसलं की हाताचा टेकू न घेता उठता आलं पाहिजे. तुमचं कारण वेगळं असेल. ते वहीच्या पहिल्या पानावर लिहा, कारण दोन प्रोग्रॅममध्ये अडकलात की निवड त्यावरूनच होते.

आपण नक्की कुठे आहोत

जिममध्ये किती वर्षं झाली यावरून आपण इंटरमीजिएट ठरत नाही. सुधारणा किती दिवसांनी होते, यावरून ठरतो. अगदी सुरुवातीला दर खेपेला रॉडवर अडीच किलो चढवता येतात. सोमवारी ४० किलो, बुधवारी ४२.५, शुक्रवारी ४५. एक-दोन दिवसांची विश्रांती अंगाला पुरते आणि पुढच्या वेळी शरीर थोडं जास्त पेलायला तयार असतं. काही महिन्यांनी हे थांबतं. तेवढ्या कसरतीतून सावरायला आता एक-दोन दिवस पुरत नाहीत, आठवडा लागतो, कधी तीन-चार आठवडे. दर खेपेची वाढ थांबून आठवड्याची किंवा महिन्याची वाढ सुरू झाली, की तुम्ही मधल्या टप्प्यावर आलात.

मात्र हे प्रामाणिकपणे तपासा. एकाच वजनावर लागोपाठ तीनदा अडलात, मग वजन साधारण दहा टक्क्यांनी उतरवून पुन्हा चढत आलात आणि परत तिथेच अडलात, तरच नवशिक्याचा टप्पा संपला असं समजा. हे सगळं नीट जेवून आणि नीट झोपून केलेलं असलं पाहिजे. पाच वर्षं जिमला जाऊनही दर खेपेला वजन वाढवायचा प्रयत्न कधीच केला नसेल, तर तुमची सोपी वाढ अजून शिल्लक आहे. ही आनंदाची गोष्ट आहे. आधी तीन दिवसांचा साधा पाच-पाचचा प्रोग्रॅम (पाच सेट, म्हणजे फेऱ्या, आणि दर फेरीत पाच रेप, म्हणजे पाचदा उचलणं) घ्या, ती वाढ पदरात पाडून घ्या आणि मग पुढचं वाचा. आमच्याकडे कोपरीहून एक काका येतात, वय ५२. सहा वर्षं आज छाती, उद्या पाठ असं करत होते. साध्या प्रोग्रॅमवर चार महिन्यांत त्यांचा स्क्वॉट ५० वरून ८० किलोवर गेला. त्यांना इंटरमीजिएट प्रोग्रॅम दिला असता, तर तेवढ्याच वाढीला वर्ष गेलं असतं.

वहीत काय बघायचं

आमच्या लॅबमध्ये नव्या मुलांना पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवतात: लिहिलं नाही, तर ते झालंच नाही. बॅचचा रिपोर्ट बिघडला की आधी रजिस्टर उघडतो. कोणत्या काट्यावर वजन केलं, खोलीचं तापमान किती होतं, कोण ड्यूटीवर होतं, हे बघतो. कारण सापडायच्या आधी पद्धतीला हात लावत नाही. जिममध्ये मी नेमकं उलटं करत होते. वजन अडलं की पद्धतच बदलायची.

माझ्या वहीतलं एक पान जसंच्या तसं देते. १४ जुलै २०२३, शुक्रवार. "स्क्वॉट ६२.५: ५, ४, ३. तिसऱ्या सेटला खाली अडकले, सेफ्टीवर रॉड टेकवला. झोप ५ तास. गाडी लेट, ८.२० ला पोचले. दुपारचा डबा अर्धा. रॉड खिडकीजवळचा." (सेफ्टी म्हणजे अडकलं तर रॉड टेकवायला स्टँडला असलेल्या आडव्या दांड्या.) पान लिहिलं तेव्हा खूप वाईट वाटलं होतं, कारण त्याच वजनाचे पाच-पाचचे तीन सेट पंधरा दिवसांपूर्वी झाले होते. आपलं वय झालं, असं मनात येऊन गेलं. पुढच्या रविवारी मागची तीन महिन्यांची पानं घेऊन बसले आणि अडलेल्या प्रत्येक दिवसावर लाल पेनाने खूण केली. सात खुणा झाल्या. सातपैकी पाच पानांवर झोप साडेपाच तासांच्या खाली होती. आणि सातपैकी सहा पानांवर "खिडकीजवळचा रॉड" होता.

सोमवारी प्रवासाच्या बॅगा तोलायचा हुकवाला काटा घेऊन गेले. दोन्ही रॉड मधोमध पट्ट्याने लटकवून तोलले. आरशाजवळचा भरला १८ किलो, खिडकीजवळचा साडेवीस. दिसायला दोन्ही अगदी सारखे, आणि आम्ही सगळे दोन्ही वीसच धरत होतो. म्हणजे वहीतले ६२.५ कधी ६०.५ होते आणि कधी ६३. माझं अपयश अर्धं त्या रॉडमध्ये होतं आणि अर्धं झोपेत. चार्टात नव्हतं. आता सरांनी दोन्ही रॉडच्या टोकाला रंगाने वजन लिहून ठेवलंय.

तुमच्या जिममधला रॉड तोलल्याशिवाय कोणत्याही प्रोग्रॅमच्या टक्केवारीला हात घालू नका. आंतरराष्ट्रीय मापाचा पुरुषांचा रॉड २० किलोचा असतो, महिलांचा १५ किलोचा. पण गल्लीतल्या जिममध्ये दहा-बारा किलोपासून काहीही मिळतं. प्लेटसुद्धा तोलून बघा.

वही नसेल तर आजपासून चार आठवडे फक्त लिहा, सध्याचा व्यायाम आहे तसा चालू ठेवून. तारीख, व्यायाम, वजन, प्रत्येक सेटचे रेप, आणि सेट संपल्यावर अजून किती रेप निघाले असते त्याचा अंदाज. शेजारी झोपेचे तास. बायकांनी पाळीचा दिवस लिहावा. चाळिशीनंतर झोप आणि ताकद दोन्ही त्यानुसार खालीवर होताना मला स्पष्ट दिसतात, आणि ते दिसलं की एका वाईट दिवसाने माणूस खचत नाही. शंभर पानी वही पुरते. मोबाइलवर लिहायला हरकत नाही, पण मागची बारा पानं जमिनीवर पसरून बघण्याची सोय वहीतच आहे.

तुमचा खरा आठवडा किती दिवसांचा

प्रत्येक जण म्हणतो, "मी पाच दिवस येतो." मीही म्हणायचे. वहीतले बारा आठवडे मोजले, तर ३१ हजेऱ्या निघाल्या, म्हणजे आठवड्याला अडीच. जुलैमध्ये तर दोनच. रुळांवर पाणी आलं, गाड्या रखडल्या, ऐरोलीला अर्धा तास डब्यात उभं राहिलं की साडेसातचे नऊ होतात आणि घरी मुलीचा अभ्यास वाट बघत असतो. चार दिवसांचा प्रोग्रॅम घेऊन त्यातले अडीच दिवस केले, तर नेहमी शेवटचेच दीड दिवस बुडतात, आणि माझ्या बाबतीत ते पायांचेच निघाले.

म्हणून प्रोग्रॅम निवडताना हजेरीचा आकडा बघा आणि त्याच्या वरचा पहिला पूर्ण आकडा घ्या. अडीच असेल तर तीन. साडेतीन असेल तर चार. दोनच असतील तर दोन दिवसांचा घ्या, त्यात कमीपणा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीतही मोठ्या माणसांसाठी स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम आठवड्यातून किमान दोन दिवस, एवढंच सांगितलंय. दोन दिवसांत स्क्वॉट, बेंच (आडवं पडून छातीवरून रॉड वर ढकलणं), डेडलिफ्ट, खांद्यावरचा प्रेस (खांद्यापासून रॉड डोक्यावर ढकलणं) आणि एखादं ओढायचं काम बसवता येतं. वाढ सावकाश होते, पण होते.

दुसरं, प्रोग्रॅमला वारांची नावं देऊ नका. पहिला, दुसरा, तिसरा असे क्रमांक द्या. बुधवार बुडला तर गुरुवारी दुसरा दिवस करा, आणि गुरुवारही बुडला तर शनिवारी करा. क्रम मोडायचा नाही, दिवस पुढे सरकला तरी चालतो. एवढ्या एका बदलाने माझे पायांचे दिवस वाचले.

जिमची गर्दीही याच वेळी बघून ठेवा. सोमवारी संध्याकाळी ठाण्यातल्या कुठल्याही जिममध्ये बेंच रिकामं मिळत नाही, कारण सगळ्यांची छाती सोमवारीच असते. स्क्वॉटचा स्टँड मात्र मोकळा असतो. आमच्याकडे स्टँड एकच आहे. म्हणून एकाच दिवशी स्टँडवर दोन मोठे व्यायाम ठेवणारा कुठलाही प्रोग्रॅम मी पहिल्या नजरेत बाजूला ठेवते.

प्रोग्रॅम हातात आला की

मी त्यात आधी दोन गोष्टी शोधते. वजन कधी आणि किती वाढवायचं, आणि अडलं तर काय करायचं. या दोन प्रश्नांची उत्तरं कागदावर नसतील, तर ती व्यायामांची यादी आहे. यादी कितीही आकर्षक असली तरी ती घेऊ नका. मला एका मोठ्या जिमने "बारा आठवड्यांत कायापालट" म्हणून अशीच यादी चांगल्या पैशांना विकली होती. दर आठवड्याला नवे व्यायाम, कारण म्हणे स्नायूंना गोंधळात टाकायचं असतं. बारा आठवडे रोज अंग दुखलं, आणि शेवटी स्क्वॉट मोजला तर अडीच किलोने कमी भरला. अंग दुखणं आणि ताकद वाढणं यांचा संबंध फार सैल आहे, हे तेव्हा कळलं.

मग मेहनतीचे सेट मोजते. एका मोठ्या स्नायूसाठी आठवड्याला दहाच्या आसपास कष्टाचे सेट बहुतेकांना मानवतात. सहा-आठपासून सुरुवात करून हळूहळू वर जावं. कष्टाचा सेट म्हणजे ज्याच्या शेवटी हातात एक ते तीन रेप शिल्लक असतात. वॉर्मअप यात धरायचा नाही. एखाद्या चार्टात छातीचेच वीस-बावीस सेट दिसले, तर तो चोवीस वर्षांच्या, आठ तास झोपणाऱ्या मुलासाठी ठीक आहे. दिवसभर उभं राहून आलेल्या माणसासाठी नाही.

आता मी वापरून पाहिलेल्या प्रोग्रॅमबद्दल. पहिला टेक्सास मेथड. याचा आठवडा असा: सोमवारी पाच-पाचचे पाच सेट, शुक्रवारच्या वजनाच्या साधारण ९० टक्क्यांवर; बुधवारी हलकं; शुक्रवारी पाच रेपचा एकच सेट, पण मागच्या आठवड्यापेक्षा जास्त वजनाने. कागदावर फार सुंदर आहे. सोमवारचा ताण, बुधवारची विश्रांती, शुक्रवारी फळ. माझा सोमवारचा स्क्वॉट ५५ किलोवर पाच सेट असा होता. पहिले दोन शुक्रवार छान गेले. तिसऱ्या सोमवारी लॅबमध्ये ऑडिट होतं, नऊ तास उभी होते. चौथ्या सेटला मांड्या थरथरायला लागल्या आणि शुक्रवारपर्यंत जिना उतरताना कठडा धरत होते. हा प्रोग्रॅम वाईट नाही. त्याला सोमवार मोकळा लागतो, भरपूर जेवण लागतं आणि भरपूर झोप लागते. तिशीच्या आतले, बसून काम करणारे आणि दर आठवड्याला वाढ हवी असलेले लोक जरूर करून बघू शकतात. माझ्या अंगाला आठवड्याचं चक्र अपुरं पडलं, महिन्याचं हवं होतं.

मग मी फाइव्ह-थ्री-वनकडे आले. जिम वेंडलर या अमेरिकन पॉवरलिफ्टरची ही पद्धत आहे, आणि नोकरी-संसार असलेल्या माणसाला मी बेधडक हीच सुचवते. यात वाढ महिन्याला होते आणि अगदी थोडी होते. हिशोब एकदा शेवटपर्यंत करून दाखवते, कारण लोक इथेच घाबरतात.

आधी एका रेपचं कमाल वजन काढायचं. ते प्रत्यक्ष उचलायची गरज नाही. माझा चांगला सेट होता ६२.५ किलोचे ५ रेप. सूत्र असं: रेपला ३० ने भागायचं, त्यात १ मिळवायचा आणि वजनाने गुणायचं. ५ भागिले ३० म्हणजे ०.१६७, १.१६७ गुणिले ६२.५, उत्तर सुमारे ७३ किलो. हा अंदाज दहा रेपच्या आतल्या सेटवर बरा येतो, वीस रेपवरून काढू नका. आता या ७३ चे ९० टक्के घ्यायचे: ६५.७, म्हणजे ६५ धरू. यापुढे सगळी टक्केवारी या ६५ ची. ७३ विसरून जायचे.

पहिल्या आठवड्यात ६५, ७५ आणि ८५ टक्क्यांवर पाच-पाच रेप: माझ्यासाठी ४२.५, ५० आणि ५५ किलो. दुसऱ्या आठवड्यात ७०, ८० आणि ९० टक्क्यांवर तीन-तीन: ४५, ५२.५, ५७.५. तिसऱ्यात ७५ टक्क्यांवर पाच, ८५ वर तीन, ९५ वर एक: ५०, ५५, ६२.५. प्रत्येक आठवड्यातल्या शेवटच्या सेटला ठरलेले रेप झाल्यावर, ढब न बिघडता जेवढे जास्त निघतील तेवढे काढायचे. चौथा आठवडा हलका: ४०, ५० आणि ६० टक्के. पुढच्या चक्रात स्क्वॉट-डेडलिफ्टच्या ६५ मध्ये ५ किलो आणि बेंच-प्रेसच्या आकड्यात २.५ किलो वाढवायचे.

पहिल्या आठवड्यात ५५ किलो उचलताना मला फसवणूक झाल्यासारखं वाटलं, इतकं ते हलकं होतं. पाचाच्या जागी नऊ रेप निघाले. तेव्हाच थांबून कळलं, की गेलं वर्षभर मी प्रत्येक दिवशी स्वतःची परीक्षा घेत होते, सराव करतच नव्हते. हलक्या वजनाने सुरुवात करण्याची ही सवय कुठलाही प्रोग्रॅम घेतलात तरी उचला.

यात एक दुरुस्ती मी माझ्यापुरती केली, आणि बायकांनी ती करावीच. महिन्याला ५ किलो ही वाढ दीडशे किलोचा स्क्वॉट मारणाऱ्याला जेमतेम तीन टक्के पडते. माझ्या ६५ वर ती जवळजवळ आठ टक्के होते. बेंच तर माझा ३५ किलोचा, त्यावर २.५ म्हणजे सात टक्के. म्हणून स्क्वॉट-डेडलिफ्टला मी अडीच वाढवते आणि बेंच-प्रेसला एकच किलो. जिममध्ये सगळ्यात लहान प्लेट सव्वा किलोची असते, दोन्ही बाजूंना मिळून अडीच होतात. तेव्हा पायाला बांधायच्या अर्ध्या-अर्ध्या किलोच्या वजनपट्ट्यांची जोडी आणलीय, ती रॉडच्या दोन टोकांना गुंडाळते. वेलक्रो घट्ट बसतो, बाहेरून क्लिप लावली की सरकत नाही. या एका किलोने माझा खांद्यावरचा प्रेस दहा महिन्यांत २२ वरून २९ वर नेला. त्याआधीचं वर्षभर तो २२.५ आणि २५ च्या मध्ये अडकून होता.

मोठ्या व्यायामानंतरची जोडकामं फार ताणू नका. एक ओढायचं, एक ढकलायचं, एक पायांचं किंवा पोटाचं, प्रत्येकी तीन सेट. त्यांना टक्केवारीची भानगड नको. आठ ते बारा रेपची हद्द ठरवा. तिन्ही सेटला बारा निघाले की वजन वाढवा, पुन्हा आठपासून चढा. आधी रेप, मग वजन.

चार दिवसांची खात्री असेल, तर दोन दिवस वरचं अंग आणि दोन दिवस खालचं, ही विभागणी उत्तम. चार दिवसांत प्रत्येक वेळ पाऊण तासात आटोपते, आणि गुडघे-कंबर जपणाऱ्यांना मध्ये दोन-तीन दिवस मिळतात. आज छाती-उद्या पाठ या चार्टाबद्दल मी फार लिहीत नाही. एक स्नायू आठवड्यातून एकदाच हाताळायचा आणि तोही दिवस बुडायचा, हे नोकरदार माणसाला परवडत नाही.

अडलं तर

प्रोग्रॅम एकदा घेतला की बारा आठवडे हात लावायचा नाही, म्हणजे फाइव्ह-थ्री-वनची तीन चक्रं. मध्येच अडलात, तर बदल करण्याचा माझा क्रम असा आहे. आधी झोप आणि जेवण. शाकाहारी घरात प्रथिनं कमी पडतात, माझीही पडत होती. वजन उचलणाऱ्याला शरीराच्या दर किलोमागे दीड ग्रॅमच्या थोडं वर लागतात, म्हणजे मला शंभराच्या घरात. वरण-भात, एक वाटी उसळ आणि ताकावर ते होत नाही. डब्यात पनीर किंवा सोयाचे वडे आले, सकाळी दोन अंडी आली, तेव्हा आकडा जवळ आला. यानंतर वजनाची उडी कमी करून बघा. मग जोडकामाचा एखादा सेट कमी करा, किंवा फारच कमी करत असाल तर वाढवा. हे सगळं करूनही दोन चक्रं वाढ नसेल, तर त्या एका व्यायामाचा आकडा दहा टक्के उतरवून पुन्हा चढा. प्रोग्रॅम बदलायचा विचार त्याच्या नंतर. माझ्या वहीत दोन वर्षांत इथपर्यंत पोचायची वेळ एकदाच आली.

हलका आठवडा गाळू नका. शरीर दमलेलं वाटत नसलं तरी सांधे दमलेले असतात. मी वर्षाचं कॅलेंडर घेऊन मागून मोजते, म्हणजे एक हलका आठवडा बरोबर गणपतीत येतो. आमचा पाच दिवसांचा गणपती गावी असतो, चिपळूणजवळ. तिथे मोदक आणि आरत्या सोडून दुसरं काही होत नाही आणि व्हायलाही नको. पूर्वी परत आल्यावर घाबरून पहिल्याच दिवशी जुन्या वजनाला हात घालायची. आता विश्रांती प्रोग्रॅमातच लिहिलेली असते, त्यामुळे परतल्यावर चक्राचा पहिला आठवडा सुरू होतो, जो तसाही हलकाच असतो.

रक्तदाब, हृदयाचा त्रास, मणक्याचं किंवा गुडघ्याचं जुनं दुखणं असेल, तर निवडलेला प्रोग्रॅम कागदावर घेऊन डॉक्टरांकडे जा आणि त्यांना तो दाखवा. "व्यायाम करू का?" असं विचारलं की उत्तर "चाला" असं येतं. "आठवड्यातून तीनदा, एवढ्या वजनाचा, एवढे रेप" असं दाखवलं, की डॉक्टरही नेमकं बोलतात. माझ्या गुडघ्यासाठी त्यांनी फक्त स्क्वॉटला थोडं कमी खाली जायला आणि डेडलिफ्ट चालू ठेवायला सांगितलं. मी मनाने दोन्ही बंद करणार होते.

बारा आठवडे झाले की एक रविवार बाजूला काढा. पहिल्या आठवड्यातल्या वजनावर आता किती रेप निघतात ते बघा: मी पहिल्या चक्रात ५५ किलोवर नऊ काढले होते, चौथ्या चक्राच्या सुरुवातीला त्याच ५५ वर तेरा निघाले, आरशाजवळच्याच रॉडवर. हजेऱ्या पुन्हा मोजा. लाल खुणा मोजा, आणि त्या कुठल्या दिवसांवर आल्यात ते बघा. मग खाली तारीख घालून पुढच्या बारा आठवड्यांचे आकडे त्याच पानावर लिहून टाका, म्हणजे सोमवारी जिममध्ये उभं राहून ठरवायला काही उरत नाही.